उठण्याआधी खूण करा

आमचं घर बडोद्यात दांडिया बाजारात, एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर. खाली झेरॉक्सचं दुकान, समोर ओटल्यावर दिवसभर बसणारी मंडळी, आणि रस्त्याकडच्या खोलीत माझं टेबल. गेली १४ वर्षं या टेबलावर मी मराठी पुस्तकांची प्रूफं तपासते. काम पुण्याहून येतं, पूर्वी कुरियरने यायचं, आता पीडीएफ येते आणि मी ती खालच्या दुकानातून छापून आणते. घरात आम्ही चौघं. नवरा सकाळी मकरपुऱ्याला कारखान्यात जातो, मुलगी कॉलेजात. सासूबाई आणि मी दिवसभर घरी.

लक्ष लागत नाही अशी तक्रार हल्ली सगळीकडे ऐकते. त्यावर मी जे करते ते लिहिते आहे, पण आधी ते मला का शिकावं लागलं ते सांगते.

सहा वर्षांपूर्वी एका घराण्याच्या कुलवृत्तांताची प्रूफं माझ्याकडे होती. ज्यांनी कुलवृत्तांत पाहिलाय त्यांना ठाऊक असेल, आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याच्या आपल्या रीतीमुळे एकेका पानावर तेच नाव दोन-तीनदा येतं. डावीकडे मूळ हस्तलिखित, उजवीकडे प्रूफ, आणि ‘विनायक’ या नावावर माझं बोट. तेवढ्यात बेल वाजली. गॅसचा सिलिंडर आला होता. मी उठले, पैसे दिले, सिलिंडरचं वायसर तपासून घेतलं, परत आले आणि बोट पुन्हा ‘विनायक’वर ठेवलं. पण तो खालचा विनायक होता. मधल्या चार ओळी मी वाचल्याच नाहीत. अक्षरजुळणी करणाऱ्याचीही नजर नेमकी तिथूनच घसरली होती, आणि ती घसरण पकडणं हे माझं काम होतं. पुस्तक छापून झालं. घराण्याच्या संमेलनात ऐंशीच्या पुढच्या एका आजींनी पान उघडलं आणि विचारलं, “माझं नाव कुठाय?” त्या चार ओळींत त्यांचे वडील, त्या स्वतः आणि त्यांची बहीण होती. पुढे शुद्धिपत्र छापून प्रत्येक प्रतीत चिकटवलं गेलं. त्यातली एक चिठ्ठी मी टेबलासमोरच्या भिंतीवर लावून ठेवली आहे. अजून आहे.

ही चूक माझ्या एकटीची नाही. हाताने पोथ्या उतरवणाऱ्यांचीही अशीच व्हायची, तोच शब्द दोनदा आला की नजर वरच्यावरून खालच्यावर उडी मारायची आणि मधला मजकूर गळायचा. जुन्या पोथ्यांच्या प्रती ताडून पाहणारे अशा गळलेल्या जागा शोधतात.

त्यानंतर मी लक्ष लागण्याबद्दल मिळेल ते वाचलं. बहुतेक ठिकाणी एकच सल्ला होता: व्यत्यय बंद करा, खोलीचं दार लावा, शांत जागा शोधा. आमच्या वाड्यात दार लावलं तरी त्याच्या फटीतून शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. आणि सासूबाई, मी त्यांना आई म्हणते, ७८ वर्षांच्या आहेत, त्यांच्यापासून दार लावून घ्यायची माझी इच्छाही नाही. बेल वाजणार, लारीवाला “बटाकाऽ, डुंगळीऽ” करत जाणार, आई हाक मारणार. म्हणून मी प्रश्न फिरवला. उठावं लागणारच असेल, तर परत येणं कसं सोपं आणि बिनचूक करता येईल? माझ्या सगळ्या युक्त्या या एका प्रश्नातून आल्या.

पहिली आणि सगळ्यांत मोठी: उठण्याआधी खूण करायची. बेल वाजली की मी आधी मोठ्याने “आले!” म्हणते. मग पेन्सिलीने पानाच्या समासात तीन गोष्टी लिहिते. कुठे आहे, काय चाललं होतं, परत आल्यावर पहिलं काय करायचं. उदाहरणार्थ: “ओळ १२, वरचा विनायक, जन्मसाल मूळ प्रतीत पाहणे.” मग उठते. याला आठ-दहा सेकंद लागतात. दारातला माणूस तेवढा थांबतो. कुरियरवाला मुलगा सुरुवातीला दोनदा बेल वाजवायचा, आता “आले!” ऐकलं की जिन्यातच टेकून उभा राहतो.

सुरुवातीला हे फार कठीण जातं, कारण बेल वाजली की शरीर आपोआप उठतं. पहिले दोन आठवडे मी अर्ध्या वेळा दारापर्यंत पोचल्यावर आठवून हळहळत होते. त्यावर उपाय म्हणून पेन्सिलीला दोरा बांधून ती टेबलाच्या कडेला लोंबती ठेवली, उठताना हाताला लागेल अशी. मग अंगवळणी पडलं.

परत आल्यावर खुणेच्या जागी थेट उडी मारायची नाही. परिच्छेदाच्या सुरुवातीपासून पुन्हा वाचायचं, निदान दोन ओळी मागून. तुमचं काम हिशेबाचं असेल तर शेवटची टाकलेली रक्कम पुन्हा ताडून पाहा. पत्र लिहीत असाल तर आधीचं वाक्य ओठांनी वाचा. त्या दोन ओळी वाया जात नाहीत, मन त्यांच्या आधाराने पुन्हा कामात उतरतं.

पुढे वाचनात आलं की यावर अभ्यासही झालाय. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी २००९ साली दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो तरी मनाचा एक भाग पहिल्याच कामाला चिकटून राहतो. मग २०१८ साली त्यांनी एका सहकारी संशोधक बाईंबरोबर असंही दाखवलं की उठण्याआधी “कुठे थांबलो, परत आल्यावर काय करायचं” हे थोडक्यात टिपून ठेवलं, तर मधल्या कामात मन जास्त मोकळेपणाने लागतं. हे मी स्वतः अनुभवते. खूण केलेली असली की आईंचं बोलणं मी नीट ऐकते. नाहीतर मान डोलवत असायचे आणि मनात ‘विनायक, विनायक’ घोकत असायचे, आणि आईंना ते कळायचं.

आता मोजणीबद्दल. आपलं लक्ष कशाने उडतं हे आपल्याला ठाऊक आहे असं वाटतं, पण ते बहुतेकदा खरं नसतं. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर चार दिवस रेघा मारा. लक्ष उडालं की एक रेघ, आणि शेजारी एक अक्षर: बेलचा ‘बे’, फोनचा ‘फो’, घरातल्या माणसाचा ‘घ’, आवाजाचा ‘आ’, आणि कुणीही न बोलावता आपणच उठलो तर ‘मी’. मला वाटलं होतं ‘बे’ सगळ्यांत जास्त निघेल. निम्म्याहून जास्त रेघांपुढे ‘मी’ होतं. पाणी प्यायला, खिडकीतून डोकावायला, आणि मुख्य म्हणजे शब्द पाहायला.

हे शब्द पाहणं नीट सांगायला हवं, कारण मला वाटतं डोक्याने काम करणाऱ्या बहुतेकांचा चोरदरवाजा हाच असतो. प्रूफं वाचताना शंका येतेच. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा एकदम समुद्र होतो. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका, साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ चे ४, सगळे मिळून १८ पाठ असले तरी एखादा शब्द अडतोच. शंका आली की मी फोन उचलायचे, कोशात शब्द पाहायला. कामाचंच तर आहे. कुलवृत्तांताच्या वेळी एका गावाचं नाव ‘वाडी’ की ‘वाडे’ हे पाहायला फोन घेतला आणि पाऊण तासाने भानावर आले तेव्हा मी कोकणातल्या कुठल्याशा देवळाच्या पाखाडीचे फोटो बघत होते. काम सोडून करमणुकीला गेले असते तर निदान मन खात राहिलं असतं. इथे कामाचाच धागा धरून गेले होते, म्हणून कळलंच नाही.

यासाठी शंकावही ठेवा. चाळीस पानी वही पुरते. शंका आली की पान-ओळ आणि शब्द वहीत उतरवायचा, मूळ जागी समासात टिंब द्यायचं आणि पुढे वाचत राहायचं. शोधायचं नाही. अर्धा फॉर्मा झाला की सगळ्या शंका एकदम सोडवायच्या. त्यातल्या कितीतरी तोवर आपोआप सुटलेल्या असतात, कारण तेच नाव पुढच्या पानावर नीट छापलेलं सापडतं. दोन कोश मी कागदी घेतले, जुन्या पुस्तकांच्या दुकानातून. कागदी कोश उघडला की शब्द सापडतो आणि कोश मिटतो.

अर्धा फॉर्मा म्हणजे काय ते सांगते. पुस्तकाचा एक फॉर्मा १६ पानांचा, अर्धा ८ पानांचा. माझं काम मी त्याच मापाने तोडते. मुलीने मला पोमोदोरो शिकवलं होतं. फ्रान्सेस्को चिरिलो या इटालियन गृहस्थाने १९८० च्या दशकाच्या शेवटी, विद्यार्थी असताना, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून २५ मिनिटं अभ्यास आणि मग थोडी विश्रांती अशी रीत सुरू केली. पोमोदोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. मुलीला ती फार उपयोगी पडते. मला नाही पडत. २५ मिनिटं संपतात तेव्हा मी बहुधा एखाद्या लांब वाक्याच्या मध्यात असते आणि घंटाच व्यत्यय होऊन बसते. ज्यांना सुरुवात करणंच जड जातं त्यांनी घड्याळ जरूर वापरावं. ज्यांच्या कामाला स्वतःचे सांधे आहेत, एक पावती, एक शिवलेली बाही, एक प्रकरण, त्यांनी सांध्यावर थांबावं.

घरातल्या माणसांचं प्रकरण सगळ्यांत नाजूक. आई आधी दर दहा-पंधरा मिनिटांनी दारात यायच्या. “अगं, परवा एकादशी आहे ना?” “अगं, त्या बेनचा डबा द्यायचा राहिलाय.” मी एकदा चिडले. त्या काही बोलल्या नाहीत, झोपाळ्यावर जाऊन बसल्या. संध्याकाळी म्हणाल्या, “मला विसरायला होतं गं. आठवलं तेव्हा सांगितलं नाही तर जातं ते.” इतकी वर्षं मला वाटत होतं त्यांना माझ्या कामाची किंमत नाही. खरं कारण वेगळंच होतं. आठवलेली गोष्ट निसटून जाईल ही भीती त्यांना दारापर्यंत आणत होती.

दुसऱ्या दिवशी मांडवीच्या बाजारातून मुलांची पाटी आणि खडूचा डबा आणला. पाटी झोपाळ्याच्या कडीला टांगली. आठवलं की आई पाटीवर लिहितात, आणि पुढे एक शब्द: ‘आज’ किंवा ‘घाई नाही’. माझा अर्धा फॉर्मा झाला की मी चहा टाकते, दोघी झोपाळ्यावर बसतो आणि पाटी वाचतो. जे झालं ते आई ओल्या फडक्याने स्वतः पुसतात. तीन गोष्टींना पाटी नाही, थेट हाक मारायची: दुखलं-खुपलं, पडलं-झडलं, गॅसचा वास. हे तीन अपवाद ठरवून मोठ्याने सांगणं फार गरजेचं आहे, नाहीतर म्हातारं माणूस संकोचाने दुखणंही पाटीवर लिहील.

तुमच्याकडे सासूबाईंच्या जागी लहान मूल असेल, ऑफिसातले साहेब असतील. त्यांना टाळण्याच्या आधी, ते मध्येच का येतात ते एकदा विचारून पाहा. विसरण्याची भीती असेल तर लिहायची जागा द्या. एकटेपणा असेल तर ठरलेली वेळ द्या, आणि ती पाळा. मी चहाची वेळ दोनदा चुकवली तेव्हा आई पुन्हा दारात येऊ लागल्या होत्या.

फोनबद्दल थोडक्यात. तो पुढच्या खोलीत चार्जिंगला असतो, आवाज चालू, पण ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून. त्यात चारच नंबर वाजू दिलेत: नवरा, मुलगी, माहेर आणि ज्यांचं काम चालू आहे ते प्रकाशक. टेबलावर उलटा ठेवलेला फोन मला चालत नाही, हात जातोच. ओटीपी लागणारी कामं, वीजबिल, बँक, रिचार्ज, ही सगळी दुपारच्या चहानंतर एका दमात. एक ओटीपी पाहायला गेलं की सहा निरोप दिसतात.

आवाजाच्या बाबतीत मला आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याचा प्रकार महत्त्वाचा वाटतो. पंख्याची घरघर, खालच्या झेरॉक्सचं यंत्र, पाऊस, हे चालू असताना मी तासन्‌तास वाचते. शेजारच्या टीव्हीवरची गुजराती मालिका मंद आवाजातसुद्धा आत शिरते. १९७६ साली एका प्रयोगात विद्यार्थ्यांना अक्षरांचा क्रम लक्षात ठेवायला सांगितला आणि त्याच वेळी त्यांना न कळणाऱ्या जर्मन भाषेतला उतारा ऐकवला. भाषा कळत नव्हती तरी लक्षात ठेवणं बिघडलं. म्हणजे बोलण्याचा चढउतारच पुरेसा असतो. त्यामुळे काम करताना शब्दांची गाणी लावू नका, न कळणाऱ्या भाषेतलीही नकोत. मी टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावते, थंडीतसुद्धा. वारा लागत नाही, एकसुरी आवाज मिळतो आणि मालिकेतले शब्द त्यात विरून जातात. तेही पुरलं नाही तर मी स्वतः मोठ्याने वाचते, विरामचिन्हांसकट: “स्वल्पविराम, अवतरण सुरू.” जुन्या छापखान्यांत एक जण मूळ प्रत असं वाचायचा आणि दुसरा प्रुफावर डोळे ठेवायचा. स्वतःचा आवाज कानात असला की दुसऱ्याच्या बोलण्याला जागा उरत नाही.

घराचा दिवस ओळखून काम मांडणं हेही तेवढंच मोलाचं. सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा मी काम काढतच नाही. त्या वेळात पंप, हंडे, भांडी, डबे. दीडनंतर चारपर्यंत गल्ली झोपते, लाऱ्या येत नाहीत, आईही पडतात. वंशावळी, तळटीपा, आकडे असलेली पानं मी त्या अडीच तासांसाठी राखून ठेवते. जेवण हलकं ठेवावं लागतं, भात अगदी थोडा, नाहीतर डोळे मिटतात. संध्याकाळी फक्त सोपं: पानांचे क्रमांक, अनुक्रमणिका पानांशी ताडून पाहणं, शंकावही.

आणि वर्षाचाही अंदाज घ्या. नवरात्रात बडोदा रात्री जागतं. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक बंद हा नियम असला तरी सणांसाठी राज्य सरकार वर्षातून १५ दिवसांपर्यंत १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं, आणि गरब्याला ती मिळते. त्या नऊ दिवसांत मी नवा कुलवृत्तांत घेत नाही, प्रकाशकाला जुलैतच सांगून ठेवते. १४ आणि १५ जानेवारीला, उत्तरायण आणि वासी उत्तरायणाला, गच्चीगच्चीवरून पतंग कापल्याची “काऽप्योऽ छे!” आरोळी उठते तेव्हा मी टेबलाला हात लावत नाही. अशा दिवशी अर्धवट बसून वाचलेलं सगळं पुन्हा वाचावं लागतं. गच्चीवर जावं, उंधियु खावं.

घरात पाहुणे असले की मी सेंट्रल लायब्ररीत जाते. सूरसागरच्या कडेने, न्यायमंदिरावरून, लहरीपुरा दरवाजातून मांडवीकडे, चालत वीसेक मिनिटं. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून बडोदा संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभारायला घेतलं, त्यातलं हे मुख्य. पुस्तकं ठेवण्याच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून. तिथे मोठ्याने वाचता येत नाही, म्हणून मूळ प्रतीशी ताडण्याचं काम मी घरीच करते आणि तिथे शेवटचं, सलग वाचन करते. आजूबाजूला स्पर्धा परीक्षांची मुलं मान खाली घालून बसलेली असतात. त्यांच्यात बसलं की आपलीही मान खाली राहते. चालत जाण्याचाही फायदा आहे, वीस मिनिटांत घर मागे पडतं.

राहता राहिलं आपलंच डोकं. फी भरायची मुदत, डॉक्टरांची तारीख, कुणाला तरी द्यायचं उत्तर. बसण्याआधी हे सगळं एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे कधी करणार ते लिहा. नुसती यादी पुरत नाही, ‘गुरुवारी सकाळी पाणी भरून झाल्यावर’ इतकं नेमकं लिहिलं की ते मन सोडून देतं.

दिवस संपवतानाही खूण लागते, आणि बेलच्या वेळेपेक्षा जरा मोठी. मी फॉर्मा पुरा करून उठत नाही. पुढच्या पानाचा पहिला परिच्छेद वाचते, त्यातली एक चूक दुरुस्त करते, दुसरी दिसली की तशीच सोडते आणि चिठ्ठीवर लिहिते. सकाळी कोऱ्या मनाने कोरं पान उघडण्यापेक्षा, हातात धरायला एक चूक तयार असली की काम लगेच सुरू होतं.

सध्या त्याच घराण्याच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती माझ्याकडे आहे. त्यांनी स्वतःहून पाठवली. त्या चार ओळींच्या पानावर मी काल दुपारी दोन वाजता पोचले. बेल दोनदा वाजली, दोन्ही वेळा खूण करून उठले, दोन्ही वेळा परिच्छेदाच्या सुरुवातीपासून वाचलं. आजींचं नाव तिथे आहे, त्यांच्या बहिणीचंही. संध्याकाळी चिठ्ठी लिहिली: “पान २१२, ओळ ४, ‘दर्या’चं ‘दऱ्या’ करणे.” आईंच्या पाटीवर एकच ओळ होती: “मुरंब्याला कैऱ्या. घाई नाही.”